स्कॅन केलेल्या नकाशांचे भूसंदर्भन आणि भूमापन-आधाराचा प्रश्न

१. विषयप्रवेश

कागदावरील नकाशा स्कॅनरवर घालून त्याची अंकीय प्रतिमा तयार करणे, अथवा महाजालावरून एखादा नकाशा उतरवून घेणे, हे काम आता विद्यापीठीय विभागांत नित्याचे झाले आहे. अशी प्रतिमा उपग्रह-दिक्चालनाच्या यंत्रात किंवा भ्रमणध्वनीत भरली, की क्षेत्राभ्यासास निघालेल्या विद्यार्थ्याला आपण नकाशावर नेमके कोठे आहोत हे पडद्यावर पाहता येते. परंतु स्कॅन केलेली प्रतिमा म्हणजे रंगीत चित्रबिंदूंच्या ओळी आणि स्तंभ, याहून अधिक काही नव्हे. तिच्यातील अमुक ओळीतला अमुक चित्रबिंदू पृथ्वीवरील कोणत्या स्थानाचा आहे हे यंत्रास सांगावे लागते. या क्रियेस भूसंदर्भन म्हणतात. दिक्चालनाच्या व्यवहारात ‘नकाशा कॅलिब्रेट करणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे.

भूसंदर्भनाची कृती अत्यंत सोपी आहे. नकाशाच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश वाचावयाचे, संगणकावर त्या कोपऱ्यांवर खूण करून ते आकडे भरावयाचे, की काम झाले. संगणक लागलीच सरासरी दोषही काढून देतो, आणि तो दोन-चार मीटर निघाला की आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंतता कित्येकदा निराधार असते. दोष दोन मीटर दाखविणारा नकाशा प्रत्यक्षात सव्वाशे मीटरांनी चुकलेला असू शकतो, आणि संगणकाने दिलेल्या आकड्यांत त्या चुकीचा मागमूसही नसतो. असे का होते व ते कसे टाळावे, हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशापत्रकांच्या उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणार्थ ४७ एफ/१५ हे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक घेतले आहे. पुण्याच्या दक्षिणेकडील हा प्रदेश १८°१५′ ते १८°३०′ उत्तर आणि ७३°४५′ ते ७४°००′ पूर्व या मर्यादांत येतो. खडकवासल्याचे धरण व सिंहगड त्यातच आहेत.

२. प्रतिमेपासून पृथ्वीपर्यंत : रूपांतराचे गणित

प्रतिमेतील स्थान स्तंभ व ओळ या दोन संख्यांनी सांगितले जाते. पृथ्वीवरील स्थान पूर्वेकडील व उत्तरेकडील अंतर या दोन संख्यांनी सांगता येते. पहिल्या जोडीवरून दुसरी काढण्याचे सर्वांत उपयुक्त रूपांतर एकघाती असते :

पूर्व = क + (ख × स्तंभ) + (ग × ओळ)
उत्तर = च + (छ × स्तंभ) + (ज × ओळ)

यांत सहा अज्ञात स्थिरांक आहेत. नकाशा सरकलेला असणे, स्कॅनरवर किंचित तिरका बसलेला असणे, आणि आडव्या व उभ्या दिशांचे प्रमाण भिन्न असणे, या सर्वांचा परिहार या सहा संख्यांनी होतो. ज्ञात स्थानाचा प्रत्येक नियंत्रणबिंदू दोन समीकरणे देतो. म्हणून तीन बिंदूंनी सहा स्थिरांक निश्चित होतात. परंतु तीनच बिंदू घेतले तर समीकरणे तंतोतंत सुटतात आणि दोष नेहमी शून्य येतो, मग एखादा आकडा भरताना चूक झालेली असली तरीही. चौथ्या बिंदूपासून पुढे समीकरणे अज्ञातांहून अधिक होतात. तेव्हा लघुतम वर्गांच्या पद्धतीने सर्वांत जुळणारे स्थिरांक काढले जातात, आणि प्रत्येक बिंदूपाशी भरलेले स्थान व काढलेले स्थान यांतील अंतर, म्हणजे ‘अवशेष’, शिल्लक राहतो. संगणक दाखवितो तो सरासरी दोष म्हणजे या अवशेषांच्या वर्गांच्या मध्याचे वर्गमूळ होय.

याहून वरच्या घाताची रूपांतरेही उपलब्ध असतात. द्विघाती बहुपदीत १२ अज्ञात असतात व तिला निदान ६ बिंदू लागतात. त्रिघातीत २० अज्ञात व निदान १० बिंदू. घात वाढविला की अवशेष घटतात, म्हणून नवशिक्या अभ्यासकास त्याचा मोह पडतो. परंतु असे रूपांतर बिंदूंपाशी जुळते आणि बिंदूंच्या मध्ये व बाहेर वेडेवाकडे वळते. सपाट, न घडी पडलेल्या पत्रकास एकघाती रूपांतर पुरेसे असते. वरचा घात वापरण्यास कागद जागोजाग ताणला गेल्याचे प्रत्यक्ष कारण असावे. केवळ आकडा लहान दिसावा हे कारण पुरेसे नाही.

३. कागद आणि स्कॅनर यांचे दोष

आपल्या उदाहरणातील पत्रकावर उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २७.७ किलोमीटर, म्हणजे कागदावर सुमारे ५५.३ सेंटिमीटर आहे. पूर्व-पश्चिम सुमारे २६.४ किलोमीटर, म्हणजे ५२.८ सेंटिमीटर. इंचास ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केल्यास एका चित्रबिंदूची बाजू ०.०८५ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर सुमारे ४.२ मीटर होते. छापील नकाशावर रेषेचे स्थान सुमारे ०.२ मिलिमीटरपेक्षा अधिक सूक्ष्मतेने वाचण्यात अर्थ नसतो. या प्रमाणावर ते १० मीटर होतात. तेव्हा यापेक्षा फार दाट स्कॅन केल्याने धारिका मोठी होते, ज्ञान वाढत नाही.

कागद हवेतील ओलाव्याने लांबतो, आणि तंतूंच्या दिशेपेक्षा त्यांच्या आडव्या दिशेने अधिक लांबतो. पत्रक उभ्या दिशेने ०.२ टक्के लांबले, तर ५५ सेंटिमीटरांत १.१ मिलिमीटरांचा, म्हणजे जमिनीवर ५५ मीटरांचा फरक पडतो. कागद ओढून घेणारे मोठे स्कॅनरही ओढण्याच्या दिशेत असाच ताण उत्पन्न करतात. हा ताण सर्वत्र सारखा असेल तर वर सांगितलेले एकघाती रूपांतर तो पूर्णपणे शोषून घेते. छापील प्रमाणावर विसंबून एकाच कोपऱ्यावरून मोजणाऱ्यास मात्र तो भोवतो. स्कॅनरऐवजी भ्रमणध्वनीने छायाचित्र घेतले तर यथादर्शनाचा दोष येतो, म्हणजे दूरची बाजू आखूड दिसते. त्याचा परिहार सहा स्थिरांकांनी होत नाही. आठ स्थिरांकांचे प्रक्षेपीय रूपांतर वापरावे लागते. भिंगाने वाकविलेल्या कडा तर त्यानेही सरळ होत नाहीत. शक्य असेल तेथे स्कॅनरच वापरावा हे उत्तम.

४. प्रक्षेपणाचा प्रश्न

वक्र पृष्ठ सपाट कागदावर आणताना कोणते ना कोणते प्रक्षेपण स्वीकारावे लागते. सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलनिर्देशक पत्रके बहुशांकव प्रक्षेपणावर काढलेली आहेत. त्यात प्रत्येक अक्षवृत्त स्वतंत्र शंकूवर उतरविले जाते व कागदावर वर्तुळाचा कंस होते. पंधरा मिनिटे रुंदीच्या पत्रकावर हा बाक किती असतो ते पाहणे उद्बोधक आहे. मध्य रेखावृत्तापासून कडेपर्यंत साडेसात मिनिटांच्या अंतरात अक्षवृत्त सुमारे ४.६ मीटर उचलले जाते. कागदावर हे जेमतेम ०.०९ मिलिमीटर, म्हणजे एक चित्रबिंदू होतात. व्यवहारात ते दुर्लक्षणीय आहे.

दुसरा परिणाम थोडा मोठा आहे. रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून पत्रकाची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ३८ मीटरांनी, कागदावर पाऊण मिलिमीटरांनी, आखूड असते. पत्रक आयत नसून समलंब चौकोन आहे. आता एखाद्याने अक्षांश-रेखांश हेच सपाट जाळीचे निर्देशक मानून एकघाती रूपांतर बसविले, तर समलंब चौकोन आयतात कोंबला जातो आणि चारही कोपऱ्यांवर सुमारे साडेनऊ मीटरांचे अवशेष उरतात. अक्षांश-रेखांशांचे आधी बहुशांकव प्रक्षेपणातील मीटरांत रूपांतर करून मग बिंदू बसविले, तर हे अवशेष नाहीसे होतात. येथे अवशेषांनी आपले काम चोख केले, प्रक्षेपण चुकले आहे हे सांगितले. कोपऱ्यांवर एकाआड एक चिन्ह बदलणारे सारख्याच आकाराचे अवशेष दिसले, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा.

महाजालावरील नकाशांची स्थिती निराळी आहे. पडद्यावर सरकविता येणारे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका सुलभ रूपात असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जाताना अक्षांशाचा प्रत्येक अंश अधिकाधिक लांब होत जातो. अशा नकाशाचे चित्र उतरवून घेऊन केवळ वरच्या व खालच्या कडेचे अक्षांश भरले आणि मधले अंतर समप्रमाणात वाटले, तर पुण्याच्या अक्षांशावर एक अंश उंचीच्या चित्राच्या मध्यभागी सुमारे ८० मीटरांची चूक होते. हा दोष उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा मिनिटांच्या चित्रात तो सुमारे ५ मीटरच असतो, चार अंशांच्या चित्रात मात्र एक किलोमीटरच्या पुढे जातो. मध्यभागी एक नियंत्रणबिंदू घेतला असता तो तत्काळ उघड होतो.

५. आकड्यांमागील पृथ्वी

आतापर्यंत विचारात घेतलेले सर्व दोष कोठे ना कोठे अवशेषांत उमटतात. आता ज्या दोषाचा विचार करावयाचा तो तसा उमटत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे.

अक्षांश-रेखांश हे पृथ्वीच्या अंगावर गोंदलेले आकडे आहेत अशी आपली नकळत समजूत असते. वस्तुतः ते एका कल्पिलेल्या गोलाभावर मोजलेले कोन होत. हा गोलाभ केवढा मानावा, ध्रुवांपाशी किती चपटा मानावा आणि पृथ्वीच्या शरीरात तो कोठे बसवावा, हे सर्वेक्षकाने ठरवावयाचे असते. या निर्णयांच्या संचास सर्वेक्षक ‘डेटम’ म्हणतात. आपण त्यास भूमापन-आधार म्हणू. आधार बदलला की त्याच दगडाचे अक्षांश-रेखांश बदलतात, दगड जागचा हलत नाही.

भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण विल्यम लँबटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषेच्या मोजणीने आरंभिले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले व १८३० मध्ये आपला गोलाभ मांडला. मध्य भारतातील कल्याणपूर हे या व्यवस्थेचे मूळ स्थान. उपग्रह नव्हते त्या काळात पृथ्वीचे केंद्र शोधण्याचा मार्ग नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. भारतीय उपखंडाच्या पृष्ठाशी गोलाभ नीट जुळावा एवढेच उद्दिष्ट होते. त्या दृष्टीने हे काम उत्कृष्ट होते, व जवळपास पावणेदोनशे वर्षे या देशाचे नकाशे त्यावर उभे राहिले.

उपग्रहांस मात्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राभोवतीच फिरावे लागते. म्हणून उपग्रह-दिक्चालनाची जागतिक भूमापन पद्धती, म्हणजे १९८४ ची डब्ल्यू.जी.एस. ८४, त्या केंद्रास धरून आहे. तिचा विषुववृत्तीय अर्धव्यास ६३,७८,१३७ मीटर आहे. एव्हरेस्ट गोलाभाचा अर्धव्यास मुळात २,०९,२२,९३१.८० भारतीय फूट असा दिला होता. फुटाचे मीटर करताना वेगवेगळ्या काळी वेगवेगळे गुणक घेतले गेल्याने त्याची ६३,७७,२७६.३४५ मीटर व ६३,७७,३०१.२४३ मीटर अशी दोन मूल्ये संगणकीय याद्यांत आढळतात. हे पाहून विद्यार्थी गोंधळतात. पण गोलाभ एकच आहे, आणि या २५ मीटरांच्या फरकाचा परिणाम मुख्यत्वे उंचीवर होतो, आडव्या स्थानावर नव्हे.

आडव्या स्थानावर परिणाम होतो तो केंद्रांच्या अंतराचा. भारत व नेपाळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मूल्यांनुसार भारतीय आधाराच्या केंद्रापासून जागतिक आधारावर येण्यासाठी तीन अक्षांच्या दिशेने अनुक्रमे २९५, ७३६ व २५७ मीटर सरकावे लागते. सरळ अंतर सुमारे ८३० मीटर. ही मूल्ये स्वतः दहा ते पंधरा मीटरपर्यंत अनिश्चित आहेत. पृथ्वीच्या पृष्ठावर या सरकण्याचा परिणाम ठिकठिकाणी निराळा होतो. पुण्यापाशी हिशेब केला असता, त्याच स्थानाचा जागतिक अक्षांश भारतीय अक्षांशाहून सुमारे ३.४ सेकंदांनी अधिक, आणि रेखांश सुमारे २.७ सेकंदांनी कमी येतो. जमिनीवर हे सुमारे १०४ मीटर उत्तरेस व ७९ मीटर पश्चिमेस, एकंदर सुमारे १३० मीटर होतात.

आता ४७ एफ/१५ च्या जुन्या आवृत्तीच्या कोपऱ्यांवरील आकडे एखाद्याने ‘डब्ल्यू.जी.एस. ८४’ असे समजून भरले, तर काय होईल? प्रवासी प्रत्यक्षात उभा असेल तेथून सुमारे १३० मीटर वायव्येस त्याची खूण पडद्यावर उमटेल. कागदावर हे २.६ मिलिमीटर, प्रतिमेत सुमारे ३१ चित्रबिंदू. पुण्याच्या पूर्वेकडील सपाट शेतात याने फारसे बिघडणार नाही. पण सिंहगडाच्या डोंगराच्या उतारावर, जेथे २० मीटर अंतराच्या समोच्चरेषा एकमेकींस चिकटून जातात, तेथे पंचेचाळीस अंशांच्या उतारावर १३० मीटर म्हणजे सहाहून अधिक समोच्चरेषा होत. धुक्यात पडद्याकडे पाहून चालणाऱ्यास धारेवरची वाट आणि कड्याखालचा ओहोळ यांत भेद उरणार नाही. मृदेचे अथवा खडकाचे नमुने गोळा करणाऱ्याच्या जिवास धोका नसला, तरी त्याचा नमुना नकाशावर शेजारच्या भूरूपात जाऊन पडतो, आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष त्याच्याबरोबर सरकतो.

याहूनही जुन्या पत्रकांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणात रेखांश मद्रास वेधशाळेच्या तत्कालीन स्वीकृत रेखांशावर आधारलेले होते, आणि ते मूल्य पुढे अधिक ठरले. मूळ स्थान कल्याणपूर याचा रेखांश ७७°४१′४४.७५″ वरून ७७°३९′१७.५७″ असा दुरुस्त करावा लागला. फरक सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांचा. पुण्याच्या अक्षांशावर हे सुमारे ४.३ किलोमीटर होतात. ऐतिहासिक पत्रकांच्या तळाशी छापलेल्या टिपा वाचल्याशिवाय एकही आकडा संगणकात भरू नये, तो यामुळेच.

६. अवशेष जे सांगत नाहीत

वरील दोष संगणकास का दिसत नाही? कारण तो सर्व नियंत्रणबिंदूंस सारखाच लागू आहे. पंधरा मिनिटांच्या पत्रकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०४ व ७९ मीटरांच्या या सरकण्यात फार तर तीन-चार मीटरांचा बदल होतो. सर्व बिंदू एकाच दिशेने एकाच अंतराने सरकले, तर ते सरकणे स्थिरांक ‘क’ आणि ‘च’ यांत विनातक्रार सामावते. अवशेष जसेच्या तसे लहान राहतात. बिंदू चारऐवजी चाळीस घेतले तरी यात फरक पडत नाही. अवशेष केवळ एवढेच सांगतात, की भरलेले आकडे परस्परांशी आणि प्रतिमेशी सुसंगत आहेत. ते आकडे कोणत्या पृथ्वीवरचे आहेत, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही.

शेजारचे पत्रक जोडून पाहिल्यानेही हा दोष सापडत नाही. सिंहगड ७३°४५′ या रेखावृत्ताच्या अगदी निकट असल्याने तेथे फिरणाऱ्यास ४७ एफ/११ व ४७ एफ/१५ ही दोन्ही पत्रके लागतात. दोहोंचे भूसंदर्भन झाल्यावर सीमेवर रस्ते व समोच्चरेषा एकमेकींस मिळतात की नाही हे जरूर पाहावे. कागदाचा ताण व बिंदू भरण्यातील चुका त्याने सापडतात. परंतु दोन्ही पत्रके एकाच चुकीच्या आधारावर बसविली असतील, तर ती दोन्ही मिळून वायव्य-आग्नेय दिशेत सरकतील आणि त्यांची सांधणी निर्दोष दिसेल.

भूसंदर्भनाची माहिती साठविण्याच्या रीतींतही हा धोका दडलेला आहे. प्रतिमेसोबत ठेवण्याची एक सर्वत्र प्रचलित धारिका, जिला ‘वर्ल्ड फाइल’ म्हणतात, तिच्यात केवळ सहा ओळी आणि सहा संख्या असतात. त्या वर दिलेल्या समीकरणांतील सहा स्थिरांकच होत. आधार कोणता, प्रक्षेपण कोणते, याविषयी त्या धारिकेत एक अक्षरही नसते. महाजालावरून उतरविलेली प्रतिमा अशा धारिकेसह मिळाली, तर तिचा आधार कोणता मानला आहे हे शोधल्यावाचून ती वापरणे म्हणजे एकक न लिहिलेल्या मापावर इमारत उभारणे होय. जिओटिफ या प्रकारच्या प्रतिमेत आधार व प्रक्षेपण यांची नोंद आत ठेवता येते. अर्थात ती नोंद करणाऱ्याने अचूक केली असेल तरच तिचा उपयोग.

हा दोष पूर्वीच्या अभ्यासकांच्या लक्षात का येत नसे, याचे एक कारण इतिहासात आहे. मे २००० च्या आरंभापर्यंत अमेरिकी शासन नागरी उपयोगाच्या उपग्रह-संकेतांत हेतुपुरस्सर दोष मिसळीत असे, व त्यामुळे साध्या यंत्राचे वाचन १०० मीटरपर्यंत चुकू शके. त्या धुक्यात १३० मीटरांचा आधार-दोष लपून जाई. हा मिसळलेला दोष बंद झाल्यावर साधी यंत्रेही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत अचूक झाली, आणि नकाशाचा दोष उघड्यावर आला. तेव्हापासून यंत्राचे वाचन व नकाशा जुळत नसतील, तर प्रथम संशय नकाशाच्या भूसंदर्भनावर घ्यावयास हवा.

७. आधार ओळखणे

नकाशाचा आधार ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे नकाशाचा समास. भारत सरकारच्या २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी मुक्त मालिका निश्चित केली, ती डब्ल्यू.जी.एस. ८४ या आधारावर व यू.टी.एम. प्रक्षेपणावर आहे. या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात ७२° ते ७८° पूर्व हा प्रदेश येतो व त्याचे मध्य रेखावृत्त ७५° आहे. पुणे याच पट्ट्यात आहे. नागपूर मात्र ४४ व्या पट्ट्यात जाते. ग्रंथालयांतील जुन्या मालिकेची १:५०,००० प्रमाणाची व त्याआधीची एका इंचास एक मैल या प्रमाणाची पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर व बहुशांकव प्रक्षेपणावर आहेत. एकाच प्रदेशाच्या दोन मालिका एकाच कपाटात असतात. त्यांचे आकडे सारखे दिसतात, अर्थ निरनिराळे असतात.

दुसरी अडचण संगणकाच्या यादीतील नावांची. ‘इंडियन’ या नावाखाली अनेक आधार दिलेले असतात : भारत-नेपाळ, बांगलादेश, थायलंड इत्यादी. त्यांत निवड करताना परिणाम किती होतो हे माहीत असावे. बांगलादेशासाठीची मूल्ये घेतली, तर पुण्यापाशी भारत-नेपाळच्या मूल्यांपेक्षा सुमारे १० मीटरांचा फरक पडतो. तो या प्रमाणावर सह्य आहे. थायलंडसाठीची मूल्ये घेतली, तर फरक सुमारे १०० मीटर होतो, म्हणजे दुरुस्तीचा बहुतेक लाभ वाया जातो. नावात ‘इंडियन’ आहे एवढ्यावर विसंबू नये.

अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेने काढलेली भारताची १:२,५०,००० प्रमाणाची यू ५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने महाजालावर उपलब्ध करून दिल्यामुळे ती पुष्कळ उतरवून घेतली जाते. तिलाही एव्हरेस्ट गोलाभाचाच विचार लागू आहे. परंतु या प्रमाणावर ०.२ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर होतात. आधाराची दुरुस्ती करावयाचीच, पण डोंगरातील पाऊलवाटेसाठी या मालिकेवर विसंबणे योग्य नव्हे.

८. कार्यपद्धती आणि पडताळा

वरील विवेचनावरून कामाचा क्रम सहज ठरतो. प्रथम समास वाचून आवृत्तीचे वर्ष, प्रमाण, प्रक्षेपण व आधार यांची लेखी नोंद करावी. नंतर सपाट केलेले पत्रक इंचास सुमारे ३०० बिंदूंनी स्कॅन करावे. नियंत्रणबिंदू म्हणून नकाशातील घरे, पूल अथवा देवळे न घेता अक्षवृत्त-रेखावृत्तांचे छेदनबिंदू घ्यावे. पाच मिनिटांच्या जाळीवर पंधरा मिनिटांच्या पत्रकात असे १६ बिंदू मिळतात. त्यांपैकी दहा-बारा बिंदूंवर रूपांतर बसवावे आणि उरलेले चाचणीसाठी राखून ठेवावे. आकडे पत्रकाच्या मूळ आधारात व मूळ प्रक्षेपणातच भरावे, आणि जागतिक आधारात रूपांतर ही त्यानंतरची स्वतंत्र पायरी ठेवावी. दोन्ही पायऱ्या एकत्र केल्यास कोठे चुकले हे शोधणे अशक्य होते. राखून ठेवलेल्या बिंदूंवर १० मीटरांच्या आत जुळणी झाली, तर कागद व प्रक्षेपण यांचे काम झाले असे समजावे.

पण येथे थांबू नये. आधाराचा पडताळा केवळ नकाशाबाहेरील साक्षीनेच होऊ शकतो. सर्वेक्षणाच्या वेळी असलेली व आज तशीच उभी असलेली, नकाशावर निःसंदिग्ध ओळखू येणारी निदान तीन स्थळे निवडावी आणि तेथे जाऊन उपग्रह-यंत्राने काही मिनिटे वाचन घेऊन त्याची सरासरी काढावी. डोंगरमाथ्यावरील त्रिकोणीकरणाची स्थानके, जुने लोहमार्ग आणि दगडी पूल या कामास उत्तम. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातील असल्याने मोह पडावा असे आहे. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा तेही फुटले व त्याची पुनर्बांधणी झाली, म्हणून तेथील खूण निवडताना जुन्या बांधकामाचाच भाग घ्यावा. नद्यांचे संगम, तळ्यांचे काठ व पाऊलवाटांचे फाटे कधीही घेऊ नयेत. तेथे जमीनच बदललेली असते, आणि भूसंदर्भन कितीही अचूक असले तरी ते नकाशास नव्या काळात आणू शकत नाही.

तिन्ही स्थळी नकाशा व वाचन यांतील फरक एकाच दिशेने व जवळजवळ सारखा आला, तर आधार चुकला आहे असे निश्चित समजावे. हे फरक वायव्येस सुमारे १३० मीटर असतील, तर जुने आकडे जागतिक आधाराचे मानले गेले आहेत. आग्नेयेस तितकेच असतील, तर नव्या मालिकेच्या आकड्यांवर अनावश्यक दुरुस्ती केली गेली आहे. फरक निरनिराळ्या दिशांनी विखुरलेले असतील, तर दोष आधाराचा नसून बिंदू वाचण्याचा वा कागदाचा आहे.

९. समारोप

जुना नकाशा व नवे यंत्र यांची गाठ घालणे म्हणजे दोन भिन्न पृथ्वींमध्ये सेतू बांधणे आहे. एक पृथ्वी कल्याणपूरपाशी बसविलेली, दुसरी वस्तुमानाच्या केंद्राशी. या सेतूची एक बाजू संगणक स्वतः तपासून देतो. दुसरी बाजू तपासण्यास अभ्यासकाला नकाशाचा समास वाचावा लागतो आणि मैदानात जाऊन उभे राहावे लागते. आपल्या विभागांतून स्थलनिर्देशक पत्रकांच्या अंकीय प्रती तयार होत आहेत व त्या विद्यार्थ्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या फिरणार आहेत. अशा प्रत्येक प्रतीबरोबर तिचा मूळ आधार, प्रक्षेपण, वापरलेले बिंदू, आणि मैदानातील पडताळ्याचे वाचन यांची एक पानाची नोंद ठेवली जावी. सरासरी दोषाचा आकडा त्या नोंदीत अवश्य असावा. पण तो सर्वांत शेवटच्या ओळीत असावा.